बारा वाहिन्या, एक नेटवर्क

(सर्व वेळा पॅरिसच्या. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही मोजणी ८ एप्रिल २०१५ च्या रात्री या वाहिन्यांचे पडदे काळे झाले त्या क्षणापासून. भारतातली वेळ तेव्हा साडेतीन तास पुढे.)

७५ दिवस आधी : २३ जानेवारी २०१५

टीव्ही५मोंद ही फ्रेंच भाषेतली आंतरराष्ट्रीय वाहिनी. १९८४ पासून चालते. मुख्यालय पॅरिसमध्ये, आव्हन्यू द वाग्रामवर. फ्रान्सबरोबर बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडाचे सार्वजनिक प्रसारक तिचे भागीदार आहेत आणि ती जवळपास २०० देशांत दिसते. बाहेरगावी गेलेल्या बातमीदारांना चित्रफिती पाठवता याव्यात म्हणून या वाहिनीने एक सर्व्हर इंटरनेटला जोडून ठेवला होता. दुरून त्या सर्व्हरचा ताबा घेण्याची सोयही इंटरनेटवर उघडी होती. लॉगिन आणि पासवर्ड पेटी विकत घेतली तेव्हा आले तेच, कुणी बदललेच नव्हते. २३ जानेवारीला कुणीतरी तिथून आत शिरलं.

बोंब झाली नाही, कारण काही घडलंच नाही. हा सर्व्हर मुख्य नेटवर्कपासून अलग होता. आलेल्याला पुढची वाट मिळाली नाही आणि तो निघून गेला.

त्या जानेवारीत फ्रान्सचं लक्ष भलतीकडे होतं. ७ तारखेला ‘शार्ली एब्दो’च्या कचेरीत हत्याकांड झालं. त्यानंतरच्या दिवसांत हजारो फ्रेंच संकेतस्थळांची मुखपृष्ठं बदलली गेली. १२ तारखेला अमेरिकेच्या सेंट्रल कमांडचं ट्विटर खातं ‘सायबर खिलाफत’ या नावाने पळवलं गेलं. सायबर हल्ला म्हणजे कुणीतरी आपल्या भिंतीवर घोषणा रंगवून जाणार, असाच समज तेव्हा रूढ होता. स्टुडिओतल्या यंत्रांपर्यंत कुणी पोचेल हे प्रसारणातल्या लोकांच्या स्वप्नातही नव्हतं. आमची यंत्रं म्हणजे थोडीच संगणक आहेत, अशी त्यांची ठाम समजूत.

दोन महिने आधी : फेब्रुवारीचा पहिला आठवडा

तो पुन्हा आला, या वेळी रीतसर दारातून. वाहिनीचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराला दुरून जोडणीसाठी व्हीपीएनचं खातं दिलेलं होतं. ते खातं त्याच्या हाती लागलं होतं. पुढे तपास झाला तेव्हा आत शिरण्याच्या एकूण सात जागा सापडल्या. त्यातली एक होती नेदरलँड्समधली कंपनी. टीव्ही५मोंदच्या स्टुडिओतले दुरून चालवायचे कॅमेरे तिने पुरवले होते.

आत आल्यावर त्याने नेटवर्क चाचपलं आणि त्याला विंडोजवर चालणारी दोन यंत्रं सापडली. ती कॅमेरे हाताळण्यासाठी ठेवलेली होती.

इथे थांबायला हवं. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच टप्पा, पडदे काळे झाले तो नव्हे.

वृत्तवाहिनीच्या कंट्रोल रूममध्ये एकाच कंपनीचं सामान कधीच नसतं. चित्र बदलणारा स्विचर, म्हणजे जुन्या लोकांचा व्हिजन मिक्सर, सोनीचा, ग्रास व्हॅलीचा, रॉसचा किंवा ब्लॅकमॅजिकचा. कॅमेरे दुसऱ्याचे, ते फिरवणारी यंत्रणा तिसऱ्याची, पडद्यावरच्या पट्ट्या आणि नावं टाकणारा ग्राफिक्सचा संगणक चौथ्याचा. सगळीकडचे सिग्नल हव्या त्या ठिकाणी वळवणारा राउटर पाचव्याचा. दिवसाचं वेळापत्रक चालवणारं ऑटोमेशन सहाव्याचं. ही खरेदी दहा-पंधरा वर्षांत, वेगवेगळ्या अंदाजपत्रकांतून, वेगवेगळ्या तांत्रिक संचालकांच्या आवडीनिवडीप्रमाणे झालेली असते. आणि या सगळ्यांनी एका बोटाच्या इशाऱ्यावर एकत्र हलावं अशी अपेक्षा असते. डायरेक्टर ‘टू’ म्हणतो, स्विचरवर बसलेला माणूस बटण दाबतो. त्याच क्षणी दोन नंबरच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला पाहिजे, नाहीतर निवेदक भलत्याच कॅमेऱ्याकडे बघत बसेल. त्या दिव्याला टॅली म्हणतात. एका कंपनीच्या स्विचरने दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला ‘तू आता हवेत आहेस’ असा पाठवलेला तो निरोप असतो.

पूर्वी हा निरोप तारेने जायचा. प्रत्येक कामाला स्वतंत्र तार: दोन टोकं जुळली की दिवा लागला, टोकं सुटली की विझला. जरा गुंतागुंतीच्या कामाला आरएस-४२२ नावाची सीरियल जोडणी असायची. सोनीच्या नऊ पिनांच्या टेपमशीनसाठी ती आली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. या तारांचा जाच असा की रॅकच्या मागे हात घातला की तो बाहेर निघायचा नाही. फायदा असा की पॅरिसमधल्या तारेला मॉस्कोतून हात लावता येत नव्हता.

मग सगळं नेटवर्कवर आलं. एक केबल, एक स्विच, आणि प्रत्येक पेटीला आयपी पत्ता. सोय अफाट झाली. कंपन्यांनी आपापली निरोपाची भाषा ठरवली. रॉस व्हिडिओची भाषा रॉसटॉक, साध्या अक्षरांतल्या आज्ञा, ७७८८ क्रमांकाच्या पोर्टवर. व्हीमिक्स हे सॉफ्टवेअर ८०९९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतं. त्याला ‘फंक्शन कट’ एवढी ओळ पाठवली की चित्र बदललं. मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिकचे अ‍ॅटेम स्विचर ९९१० वर बोलतात. त्यांची भाषा कंपनीने नीट उलगडून सांगितली नव्हती, तेव्हा हौशी मंडळींनी केबलवरून जाणारी पाकिटं वाचून ती शिकून घेतली. आज नॉर्वेच्या बिटफोकसचं कंपॅनियन हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि पंधरा बटणांचं एक स्ट्रीम डेक घेतलं की एका बटणावर अ‍ॅटेमचं चित्र, पॅनासोनिकच्या कॅमेऱ्याची फ्रेम आणि व्हीमिक्समधली पट्टी एकदमच बदलते. पुण्या-कोल्हापूरकडचे लग्नाचं आणि व्याख्यानमालांचं थेट प्रक्षेपण करणारे तरुण हे रोज करतात, आणि फार छान करतात.

आता या भाषांमध्ये काय नाही ते बघा. बहुतेकींत ‘तू कोण?’ हा प्रश्नच नाही. आज्ञा व्याकरणात बसली की पेटी ती पाळते, मग पाठवणारा डायरेक्टर असो, शिकाऊ पोरगा असो की त्या नेटवर्कवर आलेला कुणीही परका. हा हलगर्जीपणा नव्हता. थेट प्रसारणात तिसाव्या सेकंदाला ‘कृपया पासवर्ड टाका’ असं विचारणारा स्विचर कुणी विकत घेणार नाही. सगळ्यांनी मिळून गृहीत असं धरलं होतं, की हे नेटवर्क बंद खोलीतलं आहे, इथे फक्त आपली माणसं आहेत. खोलीला मागचं दार कधी पडलं हे मात्र कुणी तपासलं नाही. कॅमेऱ्याचा सर्व्हिस इंजिनिअर दर वेळी विमानाने यायचा, आता तो आपल्या कचेरीतूनच दुरुस्ती करतो. तेच ते दार.

आणि कॅमेरे चालवणारं विंडोज यंत्र कोणाचं? आयटी विभाग म्हणतो स्टुडिओचं. स्टुडिओ म्हणतो पुरवठादाराचं. पुरवठादार म्हणतो त्यावर अपडेट टाकू नका, सॉफ्टवेअर बंद पडेल आणि वॉरंटीही जाईल. अशी यंत्रं जगातल्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये आहेत. पाहुण्याने नेमकी तीच हेरली.

आठ आठवडे आधी

कॅमेऱ्याच्या यंत्रावरून त्याने नेटवर्कच्या मुख्य नोंदवहीत प्रशासकाचे सर्व अधिकार असलेलं एक खातं उघडलं. इथून पुढे त्याला कुठलंही कुलूप फोडायची गरज नव्हती. तो कागदोपत्री घरचा झाला होता.

सात आठवडे ते दोन आठवडे आधी : फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर

महिनाभराहून अधिक काळ त्याने काहीही मोडलं नाही. तो वाचत होता.

वाहिनीच्या आयटी विभागाची अंतर्गत विकी होती. कुठलं यंत्र कुठे आहे, कशाला जोडलेलं आहे, बिघडलं तर काय करायचं, आत जायला काय टाकायचं, अशी माहिती जिथे नीट लिहून ठेवलेली असते ती जागा. रात्रपाळीच्या माणसाला झोपेतल्या साहेबाला उठवायला लागू नये म्हणून असं लिखाण करतात आणि ते चांगल्या विभागाचं लक्षण मानतात. पाहुण्याने ते सगळं उतरवून घेतलं आणि त्यातले पासवर्ड चालतात का, हे एकेक करून तपासलं. आणखी एका प्रशासकाच्या संगणकावर दुरून ताबा ठेवणारा प्रोग्रॅमही त्याने बसवला.

वाहिनीचं चित्र स्टुडिओतून उपग्रहापर्यंत कसं जातं हे तो शिकला. स्विचरमधून निघालेलं चित्र एन्कोडरमध्ये दाबून लहान केलं जातं. अनेक वाहिन्यांची चित्रं मल्टिप्लेक्सरमध्ये एकाच प्रवाहात गुंफली जातात आणि तो प्रवाह वर जातो. या साखळीतलं प्रत्येक यंत्र नेटवर्कवर होतं, म्हणजे त्याच्या आवाक्यात होतं. पुढे सरसंचालक इव्ह बिगो यांनी सांगितलं, की प्रसारणाची यंत्रसामग्री नासवण्यासाठी खास सॉफ्टवेअर तयार केलेलं होतं. ही घरफोडी नव्हती. चोराला काहीच न्यायचं नव्हतं. या वाहिनीची यंत्रं तिच्या स्वतःच्या माणसांइतकीच त्याला कळू लागली होती आणि त्याचा हेतू एकच, ती कायमची बंद करणं.

या सगळ्या आठवड्यांत कुठेच धोक्याची घंटा वाजली नाही. वाजणार कशी? प्रसारणातली देखरेख चित्रावर असते. चित्र गोठलं, आवाज गेला, पडदा काळा झाला तर काही सेकंदांत दिवे लागतात, भोंगे वाजतात. पहाटे तीन वाजता कॅमेऱ्याच्या संगणकावरून मल्टिप्लेक्सरशी बोलणी सुरू आहेत, हे कुठल्याही मॉनिटरवर दिसत नाही.

८ एप्रिल, दिवसभर

बुधवार. आज टीव्ही५मोंदच्या घरात आनंद होता. फ्रेंच राहणी, खाणंपिणं, फॅशन यांना वाहिलेली ‘स्टाइल एचडी’ ही नवी वाहिनी आज सुरू झाली. नवी वाहिनी हवेत जाण्याचा दिवस म्हणजे तांत्रिक विभागाची परीक्षा. म्हणून एरवी संध्याकाळी घरी जाणारे अभियंते त्या दिवशी रात्रीही इमारतीत थांबले होते. हल्लेखोराने दोन महिने घराचा अभ्यास केला, पण ही गोष्ट त्याच्या हिशेबात बसली नाही असं म्हणायला जागा आहे. नवं यंत्र चालू होणाऱ्या रात्री इमारत रिकामी नसते, हे प्रसारणातला कुठलाही शिपाई सांगेल.

इव्ह बिगो संध्याकाळी जेवायला बाहेर पडले.

१ तास ५० मिनिटे आधी : रात्री ८ च्या सुमारास

पहिला घाव पडला तेव्हा कुणालाही काही दिसलं नाही, आणि ते मुद्दामच तसं होतं.

मल्टिप्लेक्सर आणि त्यासारख्या यंत्रांमधली आयपी पत्त्यांची जुळणी त्याने बदलून चुकीची करून ठेवली. चालू यंत्र जुन्याच जुळणीवर चालत राहतं. नवी जुळणी वाचली जाते ती यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर. त्यामुळे आठ वाजता सगळ्या वाहिन्या सुरळीत दिसत होत्या, आकडे बरोबर होते, दिवे हिरवे होते.

या चालीमागचं डोकं समजण्यासाठी एखाद्या अभियंत्याच्या खांद्यावरून पाहायला हवं. प्रसारण बंद पडलं की तो सर्वांत आधी काय करतो? बटण दाबतो, दहा सेकंद थांबतो, पुन्हा चालू करतो. दहापैकी आठ वेळा त्यानेच काम होतं. हल्लेखोराने ही सवयच हेरली. पुढे तासा-दोन तासांनी गोंधळ उडाला की अभियंता आपल्याच हाताने धडधाकट यंत्र बंद करील आणि ते परत उठेल तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता आठवणार नाही. मोडण्याचं काम घरच्यांकडूनच करून घ्यायचं. इतकी वाईट चाल सुचायला त्या खोलीची रीत आतून माहीत असावी लागते, आणि ती त्याने वाचून घेतली होती.

५० मिनिटे आधी : रात्री ९ च्या सुमारास

आता गलका. वाहिनीचं फेसबुक पान, ट्विटर खातं, यूट्यूब आणि संकेतस्थळ एकापाठोपाठ एक ताब्यात गेले. ‘सायबर खिलाफत’चा काळा झेंडा. शार्लीनंतर फ्रान्सभर घुमलेल्या घोषवाक्याची मोडतोड करून लिहिलेली ओळ. फ्रेंच सैनिकांच्या कुटुंबीयांना धमक्या, आणि सैनिकांच्या नातेवाइकांची म्हणून टाकलेली ओळखपत्रं.

साहजिकच सगळे धावले ते तिकडे. समाजमाध्यमं सांभाळणारी टीम, संपादक, फोनवर फोन. जानेवारीपासून सगळे ज्या हल्ल्याची वाट बघत होते तो असाच दिसणार होता, आणि तो अगदी तसाच दिसला. दाराशी ढोल वाजवून मागल्या अंगणात काम उरकण्याची ही जुनी युक्ती.

शून्य : रात्री ९.५० च्या सुमारास

आपल्याकडे तेव्हा १ वाजून २० मिनिटं झाली होती.

प्रशासकाच्या खात्यातून नेटवर्कच्या स्विचांना आणि राउटरांना आज्ञा सुटल्या: फर्मवेअर पुसा. फर्मवेअर म्हणजे त्या पेटीची मूळ अक्कल, जिच्याशिवाय तिला आपण स्विच आहोत हेही कळत नाही. पेट्या आज्ञाधारक होत्या. त्यांनी पुसलं. आज्ञा कुठून आली, कुणाच्या नावाने आली, किती वाजता आली, याची नोंद टॅकॅक्स नावाच्या वेगळ्या प्रणालीत होत होती. या रात्रीचं वेळापत्रक तपास करणाऱ्यांना मिनिटामिनिटाने जुळवता आलं ते त्या नोंदींमुळे.

टीव्ही५मोंदच्या बाराही वाहिन्या काळ्या पडल्या.

अशा वेळी कंट्रोल रूममध्ये काय होतं ते सांगतो. स्विचरचं पॅनल, म्हणजे ऑपरेटरसमोरचा बटणांचा फळा, आणि प्रत्यक्ष चित्र बदलणारी पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फळा टेबलावर असतो, पेटी खालच्या मजल्यावरच्या रॅकमध्ये, आणि मधे असते नेटवर्कची तार. नेटवर्क मेलं की फळ्यावरची बटणं दबतात, पण पलीकडे कुणी ऐकत नाही. पेटी शेवटचं चित्र धरून तशीच उभी असते. ऑटोमेशनला स्विचर दिसत नाही, ग्राफिक्सला ऑटोमेशन दिसत नाही, कॅमेऱ्यांना टॅली मिळत नाही. हेडफोनवरून एकमेकांशी बोलायची इंटरकॉमही नव्या घरांत बहुधा त्याच नेटवर्कवर असते, तेव्हा ‘तुझ्याकडे काय दिसतंय?’ असं विचारायलाही जिना उतरावा लागतो. कुठल्या कंपनीचा स्विचर चांगला, कुणाची भाषा कुणाशी जुळते, या वादांना त्या क्षणी काडीचाही अर्थ उरत नाही. सगळ्यांना एकत्र बांधणारी जी एक वस्तू होती तिच्यावरच घाव बसलेला असतो.

जेवणाच्या टेबलावर बिगो यांच्या फोनवर निरोपांचा आणि फोनांचा पूर लोटला. सगळ्या वाहिन्या गेल्या होत्या.

५० मिनिटांनंतर : रात्री १०.४० च्या सुमारास

आता कचेरीचा अंतर्गत भाग. ज्या सर्व्हरवर ईमेल चालत होतं ती आभासी यंत्रं खोडली गेली. म्हणजे प्रसारण तर नाहीच, आणि ते का नाही हे एकमेकांना लिहून कळवायची सोयही नाही.

त्या रात्री घड्याळाशी झुंज होती, आणि ती फक्त प्रतिष्ठेसाठी नव्हती. वाहिनी केबल आणि उपग्रह वितरकांच्या करारांवर जगते. पडदा फार वेळ काळा राहिला तर वितरक करार रद्द करू शकतात, आणि तसं झालं असतं तर वाहिनीचं अस्तित्वच धोक्यात आलं असतं, असं बिगो यांनी नंतर स्पष्ट सांगितलं. दर मिनिटाला आणखी काही यंत्रं नासत होती.

आणि इथे नव्या वाहिनीसाठी थांबलेले अभियंते कामी आले. त्यांच्यातल्या एकाने शोधत शोधत नेमकं ते यंत्र गाठलं, जिथून हा सगळा कारभार चालला होता. त्याने ते इंटरनेटपासून तोडलं. हल्ला थांबला. एवढ्या मोठ्या मोहिमेचा शेवट एका माणसाने एक जोडणी तोडण्यात झाला. बिगो यांच्या मते तो माणूस त्या रात्री तिथे नसता तर वाचवण्यासारखं काही उरलं नसतं.

हल्ला थांबला याचा अर्थ वाहिनी सुरू झाली असा नाही. फर्मवेअर पुसलेला स्विच दुरून दुरुस्त होत नाही, कारण दुरून पोचायचा रस्ताच तो स्वतः असतो. रॅकसमोर जाऊन, लॅपटॉपला कन्सोलची केबल लावून, एकेका पेटीत अक्कल परत भरावी लागते. मग तिची जुळणी. मग पुढची पेटी. आणि मल्टिप्लेक्सरमध्ये आठ वाजता पेरून ठेवलेलं विष होतंच.

साडेसात तासांनंतर : ९ एप्रिल, पहाटे ५.२५

एक वाहिनी परत दिसू लागली. बाकीच्या सकाळ उजाडल्यावर टप्प्याटप्प्याने आल्या, त्याही आधी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांवर. स्वतःच्या थेट बातम्या द्यायला आणखी वेळ लागला.

९ एप्रिल, दिवसा

परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस, गृहमंत्री बेर्नार काझनव्ह आणि सांस्कृतिक मंत्री फ्लर पेल्राँ वाहिनीच्या इमारतीत आले. फ्रान्सची सायबर सुरक्षा संस्था आन्सी कामाला लागली.

दुपारी एक प्रहसनही झालं. दुसऱ्या एका फ्रेंच वाहिनीने हल्ल्याबद्दल टीव्ही५मोंदच्या पत्रकाराची मुलाखत दाखवली. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवर वाहिनीच्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावं आणि पासवर्ड वाचता येत होते. यूट्यूबचा पासवर्ड होता फ्रेंचमध्ये ‘यूट्यूबचापासवर्ड’. जगभर हसू झालं. हसणाऱ्यांना वाटलं की हल्ल्याचं कारण सापडलं. ते कारण नव्हतं. भिंतीवरचा कागद वाचून कुणी मल्टिप्लेक्सरपर्यंत पोचत नाही. पण बातम्यांत राहिला तो कागद, आणि कॅमेरे चालवणारी दोन विंडोज यंत्रं कुणाच्या लक्षातही आली नाहीत.

दोन महिन्यांनंतर : जून २०१५

तपासाची दिशा बदलली. काळा झेंडा हा मुखवटा असल्याचं दिसू लागलं. सायबर खिलाफतीच्या नावामागे एपीटी २८ हा रशियाशी जोडला जाणारा गट असावा, अशी माहिती बाहेर आली. कोड सिरिलिक कळफलकावर आणि मॉस्कोच्या कचेरीच्या वेळांत लिहिला गेल्याच्या खुणा होत्या. पण टीव्ही५मोंदच का? एका वृत्तवाहिनीवर असा हल्ला यशस्वी होतो का, हे आजमावण्याची ती रंगीत तालीम असावी, असा एक तर्क मांडला गेला. मला तो पटतो, कारण हल्लेखोराने ना पैसे मागितले ना काही चोरलं. वाहिनी अशी कायमची बंद पाडता येते का, एवढंच त्याला बघायचं होतं.

त्यानंतर

पहिल्या वर्षात सुमारे ५० लाख युरो खर्च झाले, पुढे दरवर्षी ३० लाखांहून अधिक. यातला बराच पैसा त्या एका गृहीतकाची किंमत आहे: की आतल्या नेटवर्कवर फक्त आपली माणसं आहेत.

२०१६ मध्ये युरोपीय प्रसारकांच्या संघटनेने, ईबीयूने, आर १४३ ही शिफारस काढली. प्रसारणाची यंत्रं विकणाऱ्याने सुरक्षेच्या बाबतीत किमान काय द्यायलाच हवं, याची ती यादी. पासवर्ड बदलता यावा, दुरुस्तीची दारं झाकलेली असावीत, नोंदी राहाव्यात, असली साधी कलमं त्यात आहेत. स्विचर विकणाऱ्या कंपन्यांशी खरेदी विभागाने वाद घालावा म्हणून ती लिहिली गेली, आणि वाद आजही चालू आहे. नव्या पेट्यांत कुलपं येतात. जुन्या पेट्या मात्र रॅकमध्ये अजून पंधरा वर्षं राहणार आणि नव्यांना जुन्यांशी बोलता यावं म्हणून कुलपं उघडीच ठेवली जाणार. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यापुढे एकच स्वस्त उपाय उरतो: स्विचर आणि कॅमेरे यांचं नेटवर्क कचेरीच्या नेटवर्कपासून आणि पाहुण्यांच्या वायफायपासून खरोखर वेगळं ठेवायचं, आणि पुरवठादाराच्या इंजिनिअरला दार उघडायचं तर त्याने फोन केल्यावर, काम होईपर्यंतच. लग्नाच्या हॉलवर एका छोट्या स्विचवर आपलं सगळं सामान आणि त्याच स्विचवर वरपक्षाचा लॅपटॉप जोडून देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे एपीटी २८ येणार नाही. पण कुणाच्या तरी लॅपटॉपने आपल्या स्विचरचाच आयपी पत्ता घेतला की अंतरपाट दूर होताना पॅनल हात झटकतं.

जून २०१७ मध्ये रेन शहरातल्या सुरक्षा परिषदेत आन्सीच्या लोकांनी ही सगळी हकीकत जाहीरपणे मांडली, वेळांसकट. वर दिलेला घटनाक्रम बराचसा त्यातूनच बाहेर आला. आपली अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायला बळी पडलेली संस्था तयार झाली याचं मला कौतुक वाटतं. एरवी आमच्याकडे काही झालंच नाही असं म्हणून फाइल बंद करण्याकडे कल असतो.

टीव्ही५मोंदमध्ये मात्र फाइल बंद झाली नाही. कित्येक महिने कर्मचाऱ्यांना इंटरनेट नव्हतं आणि कारभार पुन्हा फॅक्सवर आला. नंतर इंटरनेट आलं, पण जुनी मोकळीक आली नाही. परदेशातून ईमेल बघायचं तर आधी ओळख पटवा, आणि बाहेरून चित्रफीत घेऊन आलेल्या बातमीदाराने पेन ड्राइव्ह संपादनाच्या संगणकाला लावण्याआधी तपासून घ्यायचा. बातमी पाच मिनिटांवर आली असली तरी.